लाल चिंधीवाली मगाशीच गेली

माझ्या गाडीला नाव नाही, हे माझ्या आजोळी अजून कुणालाच पटलेलं नाही.

मी मालगाडीची गार्ड आहे. मध्यंतरी आमच्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं, पण काम तेच राहिलं. गाडीच्या अगदी शेवटी जोडलेल्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटीनं बसायचं, मागेपुढे लक्ष ठेवायचं आणि जेवढी गाडी निघाली तेवढी सगळी पोचली याची खात्री करायची. तासन्‌तास कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ही नोकरी आवडते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही राहतो भोरमध्ये. आजोळ मात्र वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. सहा घरं, आणि घरांपेक्षा मोठे गोठे. एसटी खाली रस्त्यावर सोडते, तिथून पाऊण तासाचा चढ. तिथे माझे मामा-मामी आणि त्यांच्या शेळ्या राहतात. पदाचं नाव बदलल्याचा खरा आनंद झाला तो मामांना. "भाची रेल्वेत म्यानेजर हाय," असं त्यांनी पार विंझरच्या किराणा दुकानापर्यंत सांगून ठेवलं होतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेबल, पंखा आणि घंटी येत असावी. त्यामुळे मी गेले की ओट्यावर चार-पाच माणसं जमायची आणि मी खांबाशेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची.

"कुठली गाडी तुजी?" हा पहिला प्रश्न.

"मालगाडी."

"ते कळलं. नाव काय तिचं?"

"नाव नसतं."

"नंबर तरी असंल की."

"असतो, पण पाटीवर लिहिलेला नाही. रोज वेगळा."

यावर सगळे मामांकडे बघायचे. मामा घसा खाकरायचे. "आवो, मोठ्या गाड्यांचं तसंच आसतं," ते म्हणायचे. मग कुणीतरी मुद्द्यावर यायचं. "ते जाऊ द्या. आमचं एवढं कोल्हापूरचं रिझर्वेशन बगा की."

"माझ्या गाडीत सिमेंट असतं," मी सांगायची.

"आमी शिमिटावर बसू."

त्यांना नीट समजावून सांगावं असं मला फार वाटायचं, पण चार माणसांसमोर माझी वाक्यं अर्ध्यातच संपतात. म्हणून इथे लिहिते. माणसांच्या गाडीला नाव असतं, नंबर असतो, डब्यावर पाटी असते. ती उशिरा आली तरी तिचं नाव तेच राहतं. मालगाडीचं तसं नसतं. ती ज्याला जशी दिसते तसं तिचं नाव. कंट्रोलवाला तिला इंजिनाच्या नंबरानं ओळखतो. स्टेशनमास्तर तिच्या पोटात काय आहे त्यावरून ओळखतो: सिमेंट, साखर, खत, तेल. यार्डातली माणसं ती जिथे चाललीये त्या गावाच्या नावानं हाक मारतात. पोटात काहीच नसेल तर ती नुसती 'रिकामी'. एकच गाडी पुण्याहून निघताना इंजिनाचा नंबर असते, नीरेला सिमेंट होते आणि माल उतरवला की संध्याकाळी रिकामी म्हणून परत येते.

आणि जे गाडीचं नाव, तेच आमचं. वॉकीटॉकीवर पहिल्यांदा "सिमेंट गार्ड, बोला," असं ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं. मागे कुणी नव्हतं. माझ्या मागे कधीच कुणी नसतं. आता मी सवयीनं म्हणते, "हो, सिमेंट बोलतेय." एकदा साखर होते, तेव्हा दिवसभर जरा बरं वाटलं होतं. लॉबीत, म्हणजे जिथे आम्ही हजेरी लावतो तिथे, प्रत्येकाला नंबर असतो. आधी नेमणुकीच्या स्टेशनाची अक्षरं, मग आकडे. दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायची, बोट टेकवायचं, की आपला नंबर जागा होतो. एका दिवसात मी नंबर असते, सिमेंट असते, मॅडम असते आणि रिकामीही असते.

या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट पक्की असते. शेवटच्या डब्यामागची पिवळी पाटी. अंधार पडला की तिच्या जागी लाल दिवा. गाडी स्टेशनातून जाताना मास्तर ती पाटी बघतो. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर गाडी मधेच तुटली आणि मागचे डबे कुठेतरी राहिले असं धरून चालायचं, आणि मग सगळ्यांची पळापळ. नाव काहीही असो, नंबर कितीही बदलो, शेवटचा डबा आला की सगळं आलं. हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं आहे की त्यापायी माझ्या हातून पुढचा प्रकार घडला.

दिवाळीनंतर मी चार दिवसांच्या रजेवर आजोळी होते. मामांच्या पायाला प्लास्टर होतं. टू-व्हीलरवरून पडलो असं ते सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे त्यांना शेळीनं धडक दिली होती. ते वरच्या खिंडीत खाली वाकून फोनवर बोलत असताना मागून. त्या दिवसापासून त्या शेळीचं नाव मोबाईल पडलं. भोरच्या दवाखान्यात प्लास्टर कापायला जायचा दिवस नेमका माझ्या रजेत आला, मामीला बरोबर जाणं भाग होतं, आणि वस्तीवरची बाकीची माणसं भातकापणीला गेलेली. राहिले मी आणि चौदा शेळ्या.

"जमंल नव्हं?" मामीनं विचारलं.

"एवढी मोठी गाडी आणती ती," मामा बाजेवरून म्हणाले, "चौदा शेळ्या काय!"

"गाडी रुळावर आसती," मामी म्हणाली. मग तिनं मला गोठ्यात नेलं आणि एका तांबड्या शेळीच्या पाठीवर हात ठेवला. शेळीचं पोट दोन्ही बाजूंनी घागरीसारखं फुगलेलं. "ही आंबवडे. माझ्या म्हायेरची. आयनं दिल्याल्या शेळ्यांच्या वळीतली ही येकच ऱ्हायली. मागल्या वर्साला हिचं करडू वाघरानं उचललं, करवंदीच्या जाळीत व्याली म्हनून. आता आज-उद्या कवा बी व्यायंल. अंधाराच्या आत ही घरात पायजे."

वाघरू म्हणजे बिबट्या. तिथे त्याला कुणी बिबट्या म्हणत नाही.

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"बाकीच्या हरवल्या तर तुज्या मामाच्या. ही हरवली तर माजी."

एवढं सांगून ती केस विंचरायला गेली.

मामीच्या शेळ्यांची नावं मला कधीच पाठ झाली नव्हती, कारण त्यांत काही शिस्तच नाही असं माझं मत होतं. नसरापूरहून आणलेली ती नसरापूर. विंझरच्या पाहुण्यांनी दिलेली ती विंझर. सगळ्यांच्या पुढे कुरकुरत चालणारी ती सासूबाई. कुणाच्या तरी कळपातून एक दिवस आली आणि परत गेलीच नाही, ती पाहुणी. शिवाय दिसायला निम्म्या सारख्याच. यापेक्षा नंबर बरा, असं मला वाटलं. आणि नंबर होतेच की! प्रत्येक शेळीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. आमच्या वॅगनवर अकरा असतात. म्हणजे शेळी आमच्यापेक्षा एका आकड्यानं पुढे. मला फार आनंद झाला.

मामा काठी टेकत मामीबरोबर पहाटेच्या एसटीला गेल्यावर मी वही काढली आणि बिल्ल्यांचे आकडे उतरवून घ्यायला लागले. वॅगन उभी असते आणि नंबर वाचू देते. शेळी कान झटकते. पहिल्या चार शेळ्यांना अर्धा तास गेला, पाचवीनं, म्हणजे मोबाईलनं, वहीचं ते पान खाल्लं. मग मी नंबरांचा नाद सोडला आणि पाटीवर आले.

मामीच्या ओटीत आलेल्या एका लाल ब्लाउजपीसची मी चिंधी फाडली. शेळ्या गोठ्यातून बाहेर सोडल्या. जी सगळ्यात शेवटी बाहेर पडेल तिच्या गळ्यात चिंधी बांधायची, असं ठरवलं. शेवटी आली पाहुणी. अजूनही ती प्रत्येक दाराशी, आपल्याला बोलावलंय की नाही असा विचार करत थांबते. मला तिच्याबद्दल थोडी आपुलकी आहे. तिच्या गळ्यात मी लाल चिंधी नीट दोन गाठी मारून बांधली, रेल्वेचं नारिंगी चमकदार जाकीट अंगात घातलं, कारण त्याला खिसे खूप आहेत, आणि आमची गाडी निघाली.

चरायला जायचं तर खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर. खिंडीत तात्या बसतात. हे कुणाचे तात्या ते मला माहीत नाही, सगळेच त्यांना तात्या म्हणतात. वस्तीवर मोबाईलला रेंज फक्त खिंडीत येते, म्हणून त्यांनी तिथेच बाज टाकली आहे. दिवसभर त्या बाजेवर बसून ते फोनवर कुस्त्या बघतात आणि कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवतात. मला तर ते बघताच स्टेशनमास्तर वाटले.

"तात्या, एक काम होतं," मी म्हणाले.

"जोरात बोल. मला कुस्ती ऐकू येती, तू न्हाई."

मी जवळ जाऊन त्यांना पाटीची पद्धत सांगितली. पाटी म्हणजे शेवट, शेवट आला म्हणजे गाडी पूर्ण, आणि मास्तरचं काम शेवटच्या डब्यावर लक्ष ठेवायचं. बोलता बोलता माझी सलग सात-आठ वाक्यं झाली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तात्यांनी कुस्ती थांबवली होती.

"म्हंजी लाल चिंधीवालीवर डोळा ठेवायचा."

"हो."

"ती गेली का न्हाई तेवडं सांगायचं."

"हो."

"पगार किती आसतो मास्तरला?"

मी खिशातला चिवड्याचा पुडा त्यांना दिला. त्यांनी तो उशीखाली ठेवला आणि ते ताठ बसले.

सकाळभर सगळं इतकं छान चाललं की मला शेळ्यांच्या धंद्याची किंचित कीव आली. सासूबाई पुढे, पाहुणी सगळ्यात मागे, आणि तिच्या मागे मी. पूर्ण गाडी माझ्या डोळ्यांसमोर. उतारावर त्या पांगल्या, पण लाल चिंधी कुठूनही दिसत होती. आंबवडे मधूनमधून बसत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसायची, आणि तीही काही बोलायची नाही. आमचं बरं जमलं.

साडेतीनला मला लॉबीत फोन करायचा होता, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येतेय हे सांगायला. दहा मिनिटांचं काम म्हणून शेळ्यांना उतारावर ठेवून मी खिंडीत आले. फोन लागायलाच वेळ गेला. लागला तेव्हा पलीकडचा बाबू म्हणाला, "कोण?"

मी नाव सांगितलं.

"नंबर सांगा."

मी अक्षरं सांगितली, आकडे सांगितले. त्यानं पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. तात्या कुस्ती सोडून ऐकत होते.

"तुला बी नंबर हाय व्हय?" फोन ठेवल्यावर ते म्हणाले. "मंग कानात बिल्ला कसा न्हाई?"

तेवढ्यात आईचा फोन आला. मामा-मामी तिच्याकडे जेवून परतीच्या एसटीला बसले, प्लास्टर निघालं, मामा नर्सला टू-व्हीलरचीच गोष्ट सांगत होते, वगैरे. आईचा फोन दहा मिनिटांत संपत नाही. बोलणं चालू असताना समोर उंचवटा असल्यामुळे मला उतार दिसत नव्हता. वाटेकडे माझी पाठ होती.

परत उतारावर आले तर उतार रिकामा. एकही शेळी नाही. धावत पुन्हा खिंडीत आले.

"तात्या! लाल चिंधीवाली गेली का?"

"गेली की. मगाशीच. म्या सोता बगितली."

मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं. शेवटची गेली, म्हणजे सगळ्या गेल्या. आपल्या आपण वेळेवर घरी निघाल्या. आंबवडेसुद्धा. मी तात्यांना 'थँक्यू' म्हणाले, आणि रमतगमत, वाटेत एक गवताची काडी तोंडात धरून, घरी पोचले.

गोठ्यात कुणी नव्हतं. ओट्यावर पाहुणी उभी होती. गळ्यात लाल चिंधी, तोंडात दिवाळीचं झेंडूचं तोरण. अर्धं दाराला लटकत होतं, अर्धं तिच्या पोटात होतं. ती माझ्याकडे बघत चघळत राहिली.

गाडी आली आणि शेवटचा डबा आला नाही, तर काय करायचं हे मला शिकवलेलं आहे. त्याचे नियम आहेत, मी ते पाठ म्हणून दाखवू शकते. पण शेवटचा डबा आला आणि गाडीच आली नाही, तर काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मी पाहुणीला गोठ्यात कोंडलं आणि पळत सुटले. खिंडीपर्यंतचा चढ मी कसा चढले ते मला आठवत नाही. ऊन समोरच्या कड्यावर चढलं होतं. तास-सव्वा तासात अंधार. मामी एसटीत असणार, आणि आंबवडे कुठल्यातरी जाळीत.

"तात्या, तुम्ही म्हणालात सगळ्या गेल्या!"

"म्या कुठं म्हनलो?" तात्या बाजेवर उठून बसले. "तू इचारलंस, लाल चिंधीवाली गेली का. म्या म्हनलो गेली. खोटं हाय का?"

"पण ती शेवटची होती!"

"शेवटची व्हती तर मंग येकटीच कशी गेली?"

"सकाळी होती ना शेवटची!"

"अगं, शेळी हाय ती. तिला तू डबा म्हन न्हाईतर इंजान म्हन. तिला तान लागली की ती घरला जाती."

"मग बाकीच्या गेल्या नाहीत हे तुम्ही सांगायचं नाही का?"

"बाकीच्यांवर डोळा ठिवायला तू कुठं सांगितलंस?" ते म्हणाले, आणि हे खरं होतं. त्यांच्याइतकं चोख काम आजवर माझ्यासाठी कुणी केलेलं नाही.

मला रडू यायला लागलं. तात्यांनी उशीखालचा चिवडा काढून माझ्यापुढे केला. मी नको म्हटलं.

"हाक मार की मंग," ते म्हणाले. "करवंदीत शिरल्या आसतील. मामी तुजी हितनंच मारती हाक."

आता हे सांगायला हवं की मला हाक मारता येत नाही. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, इंग्रजीत, की मुलगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही. एसटीतसुद्धा माझा थांबा आला की मी "थांबवा" म्हणत नाही, आणखी कुणी उतरतंय का याची वाट बघते. एकदोनदा पुढच्या गावाहून चालत आले आहे.

मी खिंडीच्या टोकाशी उभी राहिले आणि हाक मारली.

"ही हाक हाय का उचकी?" तात्यांनी विचारलं.

मी पुन्हा मारली.

"आगं नावं घे त्यांची! नुसतं हुर्र केल्यावर कोन येनार? तुला कुनी हुर्र केलं तर येशील का?"

मी डोळे मिटले. आंबवडेच्या पोटाचा तो दोन्ही बाजूंचा फुगवटा आठवला. आणि मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. बहुतेक मामीचा होता.

"एऽऽ सासूबाईऽऽ! एऽऽ मोबाईलऽऽ! एऽऽ विंझरऽऽ! एऽऽ नसरापूर, नसरापूर, नसरापूरऽऽ!"

दरीत सगळी नावं गोल फिरून परत आली. मग खालच्या रस्त्यावरून, एसटी थांब्याजवळून, एका माणसाचा आवाज वर आला. "नसरापूरला किती शिटा हायत ओ?"

"शेळी हाय रं ती!" तात्या खाली ओरडले. "गप हुबा ऱ्हा तितंच!"

मला हसू फुटलं, आणि हसताहसता मी आणखी मोठ्यानं ओरडले. मघाशी जी नावं मला बेशिस्त वाटत होती ती आता एकामागून एक तोंडात येत होती. कुठून आली त्यावरून नाव, काय केलं त्यावरून नाव. अगदी आमच्या यार्डात घेतात तशीच. उतारावरची करवंदीची जाळी हलली. आतून सासूबाई बाहेर आली, नेहमीसारखी वैतागलेली. तिच्या मागे नसरापूर, मग विंझर, मग मोबाईल. एकेक करून बाकीच्याही आल्या. सगळ्या सावलीत निवांत बसल्या होत्या. माझ्या घाबरण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तात्यांनी बोटांवर मोजल्या. मी वेगळ्या मोजल्या. दोघांच्या बारा भरल्या. पाहुणी घरी, म्हणजे तेरा. आंबवडे नव्हती.

"आंबवडेऽऽ!"

काही नाही.

"आंबवडेऽऽ! एऽऽ आंबवडेऽऽ!"

मग खालच्या बाजूच्या एका जाळीतून बारीक बें ऐकू आलं. आणि लगेच त्याहून बारीक दुसरं.

मी घसरत खाली गेले. काट्यांनी हात ओरबाडले. जाळीच्या आत, कोरड्या पाल्यावर आंबवडे उभी होती. तिच्या पायांशी ओलं, तांबडं, चार काड्यांवर उभं राहायचा प्रयत्न करणारं एक करडू. उभं राहायचं, पडायचं, पुन्हा उभं राहायचं. आंबवडे ते चाटत होती. मला बघून तिनं चाटणं थांबवलं नाही.

"तात्या! डिलिव्हरी झालीये!" मी ओरडले. इतका चांगला आवाज मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता.

"काय झालंय?"

"बाळ! बाळ झालंय!"

"मंग उचल की! आईच्या नाकाम्होरं धर आन चालाय लाग, ती मागनं येती!"

मी जाकीट काढलं, करडू त्यात गुंडाळलं, तोंड बाहेर ठेवलं. जाकिटाच्या चमकदार पट्ट्या आणि वर दोन ओले कान. चालायला लागले तर खरंच आंबवडे मागोमाग आली. ती थांबली की मी मागे वळून करडू तिला दाखवायची, ते बें करायचं, ती चालायला लागायची. अशी आमची वरात खिंडीत आली. पुढे बारा शेळ्या, मग मी, आणि माझ्या मागे आंबवडे. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा माझ्या मागे कुणीतरी होतं.

तात्या बाजेवरून उठून वाटेच्या कडेला उभे राहिले होते. हातात टॉवेल. आमच्यातली एकेक पुढे जाईल तसं ते एकेक बोट मिटत होते. आंबवडे पुढे गेल्यावर ते वाटेवर येऊन पाठीमागे लांबवर बघत राहिले, आणि मग त्यांनी टॉवेल वर करून हलवला.

"शेवटची गेली!" ते ओरडले. "आन तिच्या मागं कोन न्हाई, म्या बगितलं! सगळ्या गेल्या!"

मामा-मामी वर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मामा नव्या पायानं जरा तोऱ्यात चालत होते. मी गोठ्याच्या दारात उभी. मामीनं आधी दाराकडे बघितलं. तोरणाचा नुसता दोरा लोंबत होता. मग पाहुणीच्या गळ्यातल्या लाल चिंधीकडे, जी मामीच्याच ब्लाउजपीसची होती. ती आत गेली आणि आंबवडेपाशी बसली. तिच्या कासेला हात लावला, मग जाकीट जरा बाजूला सारून करडाच्या पोटाखाली बघितलं.

"पाट हाय," ती म्हणाली. म्हणजे मादी. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "माझ्या आयची शेळी ऱ्हायली गं." मग तिनं नाक पुसलं. "कुठं व्याली?"

"खिंडीच्या खालच्या जाळीत. डिलिव्हरी नॉर्मल झाली."

"डिलिव्हरी व्हायला ती काय पार्सल हाय? व्याली म्हन."

"व्याली," मी म्हणाले.

"आन हाका कोन मारत व्हतं? एसटीतनं उतरलो तर समदी मानसं डोंगराकडं बगत हुबी. येक जन म्हनला, वर नवीन जीप सुरू झालीया नसरापूरची, पन खाली येत न्हाई."

मी अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग करडाकडे. ते अजून माझ्या नारिंगी जाकिटातच होतं आणि त्यातून बाहेर यायला तयार नव्हतं.

"हिचं नाव काय ठिवायचं?" मामीनं विचारलं.

"खिंड," मी म्हणाले. मामीच्या पद्धतीनं तेच व्हायला हवं होतं. पद्धत आता मला समजली होती.

"खिंड कसलं नाव!" मामा म्हणाले. "कोट बग तिचा. समद्यांच्या मागनं आली, काय काम केलं न्हाई, आन लोकांनी उचलून आनली. म्यानेजर ठिवा."

म्हणून तिचं नाव म्यानेजर आहे. मामा आता विंझरला गेले की दोन्ही म्यानेजरांची खुशाली एका दमात सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की रेल्वेत माझी बढती झाली. तात्यांनी तेव्हापासून बाजेच्या पायाला लाल चिंधी बांधली आहे, म्हणे. रिझर्वेशनचं मात्र अजून कुणी विसरलेलं नाही.

मी पाटी लावते, शेवटच्या वॅगनचा नंबर लिहिते, सगळं नियमाप्रमाणे. फक्त वळण आलं की ब्रेकव्हॅनच्या दारातून वाकून पुढचे डबेही बघते, इंजिनापर्यंत. ड्रायव्हरनं एकदा वॉकीटॉकीवर विचारलं, "मॅडम, मागून काय मोजताय?" मी म्हणाले, "काही नाही."

मामी आठवड्यातून एकदा खिंडीत येऊन मला फोन करते. पाठीमागे कुस्तीचा आवाज असतो. तात्या तिथूनच ओरडतात की सगळ्या शेळ्या गेल्या, त्यांनी बोटांवर मोजल्या. म्यानेजरनं काय काय खाल्लं ते मामी सांगते. शेवटी तिला काहीतरी विचारायचं असतं, पण माझ्या कामातलं काय विचारावं हे तिला सुचत नाही. परवा मी एका लहान स्टेशनाबाहेर सिग्नलला थांबले होते, तेव्हा तिनं विचारलं, "आज तू कोन हायस गं?"

"खत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "खत, जेवलीस का?"